कोकणच्या किनाऱ्यावर पायी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून गोव्यातल्या हरमलपर्यंत किनाऱ्याने चालायला येऊ पाहणाऱ्यांचे हे प्रश्न आहेत. विचारणारे बहुतेक जण गडकोट पालथे घालणारे नसतात. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाबरोबर लहान मुलं असतात, कुणी गेल्या कित्येक वर्षांत सलग तासभर चाललेलं नसतं. ही उत्तरं त्यांच्यासाठी आहेत.

मी कधीच ट्रेक केलेला नाही. मला जमेल का?

जमेल. रोज अर्धा तास रस्त्यावर चालणाऱ्या माणसाला किनाऱ्यावर दोन तास चालणं जड जात नाही, कारण हवं तिथे बसता येतं आणि कंटाळा आला की वळून परत येता येतं. किनाऱ्यावर अडचण दमाची क्वचितच असते. अडचण असते ती वेळेची. जी पुळण सकाळी आठ वाजता रस्त्यासारखी टणक आणि रुंद असते, तीच दुपारी दोनला उरलेली नसते, किंवा उरलेली असली तर पाय भाजणारी असते. म्हणून तुमची ताकद किती याच्या आधी त्या दिवशी ओहोटी किती वाजता आहे, ते विचारा.

चालताना शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे. बोलताना धाप लागत असेल तर हळू व्हा. हृदयविकार, दमा किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघा.

भरती-ओहोटीची वेळ कशी कळणार?

मोबाइलवर गावाचं नाव घालून तक्ता बघता येतो आणि तो जरूर बघा. पण किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशेब कॅलेंडरवरच्या तिथीवर चालतो, आणि नेटवर्क नसलं तरी तो उपयोगी पडतो. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. त्यात सहा तास मिळवले की सकाळी आणि रात्री नवाच्या आसपास ओहोटी. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांना हाच हिशेब. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा लागतो, आणि दक्षिणेला सिंधुदुर्ग-गोव्याकडे भरती मुंबईपेक्षा काहीशी आधी येते. म्हणून हा हिशेब दिवस ठरवायला वापरा. मिनिटं मोजायची असतील तर तक्ताच हवा.

याचा खरा फायदा सुट्टी ठरवताना होतो. प्रतिपदा ते पंचमी या तिथींना ओहोटी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान येते, आणि चालायला तीच वेळ उत्तम. अष्टमीच्या आसपास ओहोटी भर दुपारी पडते, म्हणजे वाळू रिकामी असते तेव्हा ऊन डोक्यावर. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि तितकंच लांब मागे जातं. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाण्याची हालचाल कमी. मुंबई-अलिबागकडे उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीतला फरक चार मीटरांच्या वर जातो. मालवण-वेंगुर्ल्याकडे तो साधारण निम्माच असतो. त्यामुळे उत्तर कोकणात चुकीच्या वेळेची शिक्षा मोठी.

मग नेमकं केव्हा निघायचं?

पूर्ण ओहोटीच्या दीड-दोन तास आधी. म्हणजे पाणी मागे जात असताना तुम्ही पुढे जाता, आणि पाणी वळतं तेव्हा तुम्हीही वळता. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात पाणी जेमतेम सरकतं आणि माणूस गाफील राहतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी चढतं. किनाऱ्यावर अडकून पडणारे लोक बहुतेक वेळा या मधल्या दोन तासांत अडकतात.

वेगाचा अंदाज असा धरा: ओल्या टणक वाळूवर तासाला तीन किलोमीटर, खडकांवर दीड ते दोन. कोरड्या, पाय रुतणाऱ्या वाळूत सपाट रस्त्याच्या दुप्पट मेहनत पडते, तिथून शक्य तितकं लवकर बाहेर पडा.

अगदी सोप्या, सपाट वाटा कोणत्या?

माझी पहिली पसंती गुहागरला. पाच-सहा किलोमीटरची सलग पुळण, मागे सुरूचं बन आणि त्यामागे नारळी-पोफळीच्या आगरांची गच्च रांग. व्याडेश्वराच्या देवळापासून किनारा हाकेच्या अंतरावर आहे. दमलात की कुठूनही वर चढून गावात शिरता येतं, आणि नवख्या माणसाला याहून मोठी सोय नाही. खालचा पाट या गावाच्या भागापासून वरच्या पाटापर्यंत किनाऱ्याने जा, परत येताना गावातल्या रस्त्याने या. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्या आणि वाटभर सावली.

दिवेआगर आणि दापोलीजवळचे कर्दे-मुरुड हे किनारेही लांब आणि सपाट आहेत. जून २०२० मधल्या निसर्ग चक्रीवादळात दिवेआगर-श्रीवर्धन भागातली सुरूची झाडं आणि सुपारीच्या बागा मोठ्या प्रमाणात पडल्या. त्यामुळे जुन्या फोटोंत दिसणारी दाट सावली प्रत्येक ठिकाणी मिळेलच असं धरून चालू नका, टोपी घ्या.

मालवणच्या दक्षिणेला तारकर्लीहून देवबागच्या टोकाकडे जाणारी वाट वेगळ्याच कारणाने आवडते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वस्तीची अरुंद पट्टी. टोकाला संगम आहे. तिथे पाण्यात उतरू नका, प्रवाह जोरदार असतो. जाताना किनाऱ्याने आणि येताना रिक्षाने असं केलंत तर साठीच्या पुढच्या माणसांनाही ही वाट झेपते.

गणपतीपुळ्याला देवळामागच्या टेकडीलाच प्रदक्षिणा घालतात. बांधीव वाट, साधारण एक किलोमीटर, थोडा चढ-उतार. तिथून मालगुंड दोन-तीन किलोमीटरवर आहे. केशवसुतांचं गाव ते, त्यांचं स्मारक तिथे आहे. सकाळी प्रदक्षिणा आणि संध्याकाळी मालगुंड, असा दिवस कुणालाही जड होत नाही.

थोडा चढ चालेल. त्यासाठी काय सुचवाल?

रेवदंड्याच्या खाडीपलीकडचा कोर्लईचा किल्ला. गाडी दीपस्तंभाजवळ ठेवायची आणि तिथून पायऱ्यांच्या वाटेने वर. सवय नसलेल्या माणसाला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. वर गेल्यावर किल्ला चिंचोळ्या डोंगरधारेवर लांबच लांब पसरलेला दिसतो, एका हाताला खाडी आणि दुसऱ्या हाताला समुद्र. खालच्या कोर्लई गावात आजही पोर्तुगीजमधून उपजलेली एक बोली घराघरांत बोलली जाते. परतताना गावातून सावकाश या.

दापोली तालुक्यात आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. वर गाडीही जाते, पण चढून जाण्यात जी मजा आहे ती गाडीत नाही. वरून सुवर्णदुर्ग समुद्रात तरंगल्यासारखा दिसतो. रत्नागिरीचा रत्नदुर्गही याच जातीचा. दारापर्यंत रस्ता आहे, भगवतीचं देऊळ आहे आणि तटावरून फिरताना शहर, बंदर आणि समुद्र एका फेरीत दिसतात.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा सोपी आहे असं ऐकतो, आणि धोक्याची आहे असंही. खरं काय?

दोन्ही खरं. अंतर कमी आहे, पाऊण-एक तासात आरामात होते. देवळाच्या बाजूने पायऱ्या चढून जायचं, मग दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून पायऱ्यांनी थेट समुद्राशी उतरायचं. खाली उतरल्यावर लाटांनी कापून काढलेला खडकाचा सपाट ओटा लागतो आणि त्यावरून डोंगराला वळसा घालत पुन्हा देवळाकडे यायचं. या ओट्यालगतचा कडा बघण्यासारखा आहे. खारं पाणी दगडाच्या छिद्रांत शिरतं, सुकतं, मिठाचे कण फुगून दगड आतून पोखरतात, आणि वर्षानुवर्षं हे चालून अख्खा कडा जाळीदार झाला आहे. हात लावून बघा. जाळीच्या भिंती बोटभर जाडीच्या असतात आणि खळगे मुठीएवढे. सकाळी हा भाग डोंगराच्या सावलीत असतो, त्यामुळे उन्हाचाही त्रास नाही.

धोका त्या ओट्यावरच आहे. भरतीला तो पाण्याखाली जातो आणि मागे कडा असल्याने पळायला जागा उरत नाही. शांत दिसणाऱ्या समुद्रातूनही मध्येच एखादी मोठी लाट येते. इथे माणसं ओढली गेली आहेत आणि तसे सूचनाफलकही लावलेले आहेत. म्हणून तीन अटी मी कुणालाही सोडायला सांगणार नाही: ओहोटी चालू असतानाच उतरा, कड्याच्या बाजूने चाला, पाण्याकडे पाठ करून फोटो काढू नका. पावसाळ्यात उतरूच नका. देवळातल्या माणसांनी नको म्हटलं तर तिथेच थांबा. देवाचं दर्शन वरूनही होतं.

अलिबागचा कुलाबा किल्ला चालत जाता येतो का?

ओहोटीला येतो. चौपाटीवरून किलोमीटर-दीड किलोमीटर, काही ठिकाणी घोट्यापर्यंत पाणी आणि निसरडे खडक. चालायचं नसेल तर घोडागाडी असते. आत गणपतीचं देऊळ आहे आणि चहूकडे समुद्र असूनही विहिरीला गोडं पाणी आहे. आत किती वेळ थांबायचं हे बाहेरच ठरवून जा आणि घोडागाडीवाल्याला परतायची शेवटची वेळ विचारा. तो रोज पाणी बघतो.

आईवडील सत्तरीपुढचे आहेत. व्हीलचेअर लागते. काही शक्य आहे का?

व्हीलचेअर वाळूत चालत नाही हे स्पष्टच सांगतो, आणि कोकणातल्या बहुतेक किनाऱ्यांवर तशी बांधीव सोय नाही. ही उणीव मला खरोखर टोचते. खुर्ची लागत असेल तर मुंबईचा मरीन ड्राइव्ह सर्वांत चांगला: सुमारे ३.६ किलोमीटर सपाट, रुंद पदपथ, बसायला कठडा आणि शेजारी रस्ता.

चालता येतं पण लांब नाही, अशा ज्येष्ठांसाठी वसईचा किल्ला बघा. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेला हा किल्ला जवळजवळ सपाट आहे, आत झाडांची सावली आहे. काठी बरोबर असू द्या. किनाऱ्यावर उताराने चालताना एकच पाय सतत खालच्या बाजूला राहतो आणि खुबा-गुडघा भरून येतो. गेलात त्याच वाटेने परत आलात की भार दोन्ही पायांवर सारखा पडतो.

पायात काय घालावं?

मागे पट्टा असलेले, तळव्याला खाचा असलेले सँडल. सपाता नकोत, त्या ओल्या खडकावर घसरतात आणि वाळूत निसटतात. नुसत्या टणक पुळणीवर अनवाणी चालायला हरकत नाही, पण खडकावर अनवाणी अजिबात नाही. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात आणि ती जखम लवकर भरत नाही. मधुमेह असलेल्यांनी पुळणीवरही अनवाणी चालू नये. तळव्याची जाणीव कमी झालेली असेल तर काच किंवा शिंपला लागलेला कळतही नाही.

पावसाळ्यात यायचं का?

या, पण किनाऱ्याच्या कडेला नको, वर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट उघड्या पठारावर. जून-जुलैत समुद्र खवळलेला असतो, मासेमारीही १ जून ते ३१ जुलै बंद असते. मच्छीमार ज्या पाण्यात उतरत नाहीत त्याच्या कडेला आपलं काम नाही.

रत्नागिरी-राजापूरच्या बाजूचे जांभ्याचे सडे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इवल्या फुलांनी भरतात. चढ नसतो, समुद्र दिसत राहतो, हवा गार असते. याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळीला कातळात कोरलेला महाकाय हत्ती आहे, आणि गावात कनकादित्याचं देऊळ. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आली. रेषांवर पाय देऊ नका, त्यात पाणी साचलं असेल तर काठीने उपसू नका. बघण्यासाठी गावातला माणूस बरोबर घ्या, त्याला मोबदला द्या.

दोन सावधगिऱ्या. ओला जांभा शेवाळाने बुळबुळीत होतो. आणि सड्यावर सुट्या दगडांखाली फुरसं असतं. हे साप छोटे आणि मातकट रंगाचे असतात, चटकन दिसत नाहीत. दगड उलटू नका, खाली न बघता हात टेकू नका, संध्याकाळी बॅटरी घ्या. दंश झाला तर बांधाबांध, चिरा, मंत्र काही करू नका. माणसाला हलू न देता १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा.

आणि एप्रिल-मेमध्ये?

आंबे खायला या. चालायचं तर सकाळी साडेआठच्या आत आवरा. घाम इतका येतो की नुसतं पाणी पुरत नाही. तासाला अर्धा लिटर पाणी आणि मध्ये मीठ घातलेलं लिंबू किंवा कोकम सरबत ठेवा. चालण्याचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

लहान मुलांना किती चालवावं?

अंतर मोजू नका. ओहोटीला ओल्या वाळूवर छोटे खेकडे बिळाभोवती वाळूच्या बारीक गोळ्या मांडतात, मोहरीपासून वाटाण्याएवढ्या, नक्षी काढल्यासारख्या. ते वाळू तोंडात घेऊन त्यातलं अन्न चाळतात आणि उरलेली गोळी बाजूला टाकतात. जरा दूर, न हलता बसलात तर दोन-तीन मिनिटांत ते पुन्हा बाहेर येतात. मुलं यात अर्धा तास सहज रमतात आणि एक किलोमीटर केव्हा झाला ते त्यांना कळत नाही. पाण्याच्या बाजूला मात्र मोठ्या माणसानेच चालायचं, मूल आतल्या बाजूला.

चालून झाल्यावर पोहलं तर?

घोट्यापर्यंत पाय भिजवा. अनोळखी किनाऱ्यावर त्याहून पुढे नाही. काशीदसारखे देखणे किनारेही पोहायला धोक्याचे आहेत.

जेलीफिश चावला तर?

समुद्राच्याच पाण्याने धुवा, वाळूने चोळू नका. चिकटलेले तंतू चिमट्याने किंवा कार्डाच्या कडेने काढा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग धरा. श्वासाला त्रास, छातीत दुखणं किंवा अंगभर पुरळ दिसलं तर लगेच दवाखाना. किनाऱ्यावर पडलेला निळा फुगा मेल्यासारखा दिसला तरी हात लावू नका, तो तेव्हाही डसतो.

कासवांची पिल्लं बघायची आहेत. केव्हा?

साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. मंडणगड तालुक्यातलं वेळास यासाठी प्रसिद्ध आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायचं काम उभं केलं आणि त्यातून कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. निसर्गाच्या वेळेने ती बाहेर येतात, त्यामुळे एखादी फेरी रिकामी जाऊ शकते. तेवढ्यावरून कासवमित्रांशी हुज्जत घालू नका. गावात घरगुती जेवण-मुक्काम मिळतो, बाणकोटचा किल्ला जवळच आहे. रात्री किनाऱ्यावर बॅटरी, फ्लॅश आणि गाडी नको. चाकांखाली घरटं दबतं आणि उजेडाने पिल्लं वाट चुकतात.

बाईमाणसाने एकटीने चालावं का?

अनेक जणी चालतात. उजाडल्यावर निघा, मुक्कामाच्या घरी वाट आणि परतायची वेळ सांगून ठेवा, एकाकी टोकापेक्षा वस्तीलगतचा किनारा निवडा. स्वच्छतागृहाची अडचण खरी आहे. देऊळ, एसटी स्थानक आणि खानावळ यांच्या हिशेबानेच टप्पे आखा. घरगुती मुक्कामाच्या काकूंना विचारलंत तर कोणती वाट केव्हा सुनी असते ते त्या नेमकं सांगतील.

वाटेत खाडी आडवी आली तर?

पायी ओलांडू नका, पाणी उथळ दिसलं तरी. आगरदांडा-दिघी, बागमांडले-वेसवी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ इथे गाड्या वाहून नेणारी फेरीबोट आहे आणि पायी प्रवाशालाही ती घेते. शेवटची फेरी किती वाजता, ते सकाळीच विचारून ठेवा.

आगरांतून, कोळीवाड्यातून जाता येतं का?

विचारून. पाखाडी, म्हणजे घरांमधून जाणारी दगडी पायवाट, सार्वजनिक असली तरी आगर खासगी असतं. पसरलेल्या जाळ्यावर पाय देऊ नका, वाळत घातलेल्या मासळीजवळ नाक मुरडू नका.

गोव्यात एखादी सोपी वाट?

मांद्र्याहून हरमलपर्यंत सपाट पुळण, आणि हरमलच्या उत्तरेला खडकाच्या कडेने गोड्या पाण्याच्या तळ्यापर्यंतची छोटी वाट. तिथून पुढे केरीच्या बाजूला टेकाड चढून जाणारी वाट थोडी दमवते, ती सवय झाल्यावर करा.

एकच शनिवार-रविवार हातात आहे. मुंबई-पुण्याहून कसं जमवावं?

प्रतिपदा ते पंचमीतला शनिवार-रविवार निवडा. शनिवारी दुपारपर्यंत श्रीवर्धन गाठा आणि ऊन उतरल्यावर तिथल्या किनाऱ्यावर तासभर चाला. पेशव्यांचं मूळ गाव आहे, संध्याकाळी पेठेतून फेरी मारा. रविवारी सकाळी ओहोटी बघून हरिहरेश्वरची प्रदक्षिणा करा, मग बागमांडल्याच्या फेरीबोटीने वेसवीला उतरून बाणकोटचा किल्ला आणि वेळासचा किनारा. नेमकी अष्टमी आली असेल तर प्रदक्षिणा सोडून द्या. त्याऐवजी दिवेआगरला राहा, सकाळी लवकर गावातून आणि किनाऱ्याच्या वरच्या कडेने फिरा, आणि जेवायचं आदल्या रात्रीच सांगून ठेवा, कारण घरगुती खानावळीत माणसं मोजूनच स्वयंपाक होतो.